आमचे समूहगीत आणि बाईंचा मोबाईल

आमच्या शाळेत रोज परिपाठाला राष्ट्रगीत होते. आम्हांला वाटायचे की आपण फार छान म्हणतो. एके दिवशी बाईंनी ते मोबाईलवर टिपून घेतले आणि नंतर वर्गात लावले. आम्ही ऐकतच राहिलो. निम्मी मुले पुढे, निम्मी मागे, आणि एक फाटका आवाज सगळ्यांच्या वर! मी जोरात हसलो. शेजारचा म्हणाला, "अरे, तो तूच हायेस की." मला खरेच वाटेना. मी त्याच्याशी भांडलो.

मग बाईंनी समजावून सांगितले. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून आपल्या कानात येतो, तसाच डोक्याच्या हाडांतूनही आत पोचतो. म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. दुसऱ्यांना फक्त हवेतला ऐकू जातो. मोबाईललाही तेवढाच. दोन्ही कान बोटांनी बंद करून बोलून बघा, म्हणजे कळेल. शिवाय सगळ्यांबरोबर गाताना स्वतःचाच आवाज मोठा लागतो. दुसरा मागे पडला ते समजत नाही.

मोबाईलच्या खालच्या कडेला बारीक भोक असते. त्याच्या आत माईक असतो. माईकमध्ये एक अगदी पातळ पडदा असतो. आवाजाने हवा थरथरते, तसा तो पडदाही थरथरतो. ही थरथर मोबाईल एका सेकंदात हजारो वेळा मोजतो आणि आकड्यांत लिहून ठेवतो. सीडीसाठी तर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात! (मला १०० पर्यंत मोजायलाच मिनिटभर लागतो.) एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला, त्यात सुई कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाजाची खूण उठवायची. थोडा वेळ वाजवले की ती खूण बिघडायची. आकडे झिजत नाहीत. म्हणून सोमवारचे गाणे शनिवारच्या गाण्याशी ताडून बघता येते.

राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागायला पाहिजेत. आमचे ६१ झाले होते. शेवटच्या ओळीला आम्ही फार रेंगाळत होतो. बाईंनी टाळीवर तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतली.

मोबाईल कुठे ठेवायचा हेही शिकावे लागते. पहिल्या रांगेपुढे ठेवला तर तीच रांग ऐकू आली. मग आम्ही अर्धगोल उभे राहिलो आणि मोबाईल समोर चार पावलांवर स्टुलावर ठेवला. खाली घडी केलेला टॉवेल, नाहीतर खडखड येते. खोलीत आवाज घुमतो, म्हणून चिंचेखाली गेलो. तिथे कावळे!

मी मात्र दोन दिवस रुसलो होतो. नुसते तोंड हलवायचो. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे २०२३ पासून आपले राज्यगीत आहे. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. त्याला जोर हवाच. त्या दिवशीचे बाईंनी लावले तर गाणे मिळमिळीत. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझा आवाज पायजे रे. फक्त शेजारच्या दोघांचा तुला ऐकू येईल एवढाच काढ."

आता मी तसेच करतो. राष्ट्रगीत ५४ सेकंदांवर आले आहे. शनिवारी ऐकले तेव्हा मला माझा आवाज शोधूनही सापडला नाही. आईला लगेच सापडला.