गल्लीचा फोटो

अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याखाली ज्यांचे गाव गेले, असे एक आजोबा मोर्शीत आमच्या शेजारी राहत. त्यांच्या लोखंडी पेटीत मुलीच्या लग्नाचे फोटो होते. गावातल्या गल्लीचा एकही नव्हता. मी कारण विचारले, तर म्हणाले, ‘‘गल्लीचा फोटू कोन काढते बावा? गल्ली कुठं जाते?’’ लग्नाच्या एका फोटोत मांडवामागे शेजारच्या ओसरीचा खांब आला होता. आजोबा नवरानवरीपेक्षा त्या खांबावरच बोट ठेवून जास्त बोलत.

रोजचा रस्ता फोटोच्या विषयातून सुटतो, याला जुना इतिहास आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळात कॅमेरा बहुधा लेणी, देवळे, मोठ्या इमारती आणि निरनिराळ्या जातीजमातींची माणसे यांच्याकडे वळे. मुंबईतल्या जातीजमातींवरचे विल्यम जॉन्सनचे चित्रसंग्रह १८६०च्या दशकात निघाले. त्यांत वेगळी टिपलेली माणसे मुंबईच्या दृश्यांवर जोडलेली आहेत. रस्ता तिथे पडद्यासारखा मागे उभा आहे.

पॅरिसमध्ये उझेन आत्जे (१८५७–१९२७) याने उलट केले. दुकानांची दारे, दारूचे गुत्ते, चर्चचे कोपरे, रिकाम्या गल्ल्या तो तीसेक वर्षे टिपत राहिला. १९२० साली त्याने २,६२१ काचपट्ट्या फ्रेंच सरकारला विकल्या. आत्जे रस्त्याचे आणि घराचे नाव नोंदवून ठेवी, म्हणून त्याचे फोटो आज शहराचा दस्तऐवज म्हणून वाचता येतात.

आजोबा गेल्यावर मी हेच काम मोर्शीत सुरू केले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच विजेच्या खांबाला पाठ टेकून आमच्या गल्लीचा फोटो घ्यायचा. चौकटीत देवळाचा ओटा, पलीकडे मशिदीची कमान, पानठेला, आटाचक्की आणि संत्र्याच्या हंगामात कॅरेट भरलेली गाडी. देशी दारूच्या दुकानाचा फोटो मी सकाळी, ते बंद असताना घेतो; तिथे बसणाऱ्याचा चेहरा गावभर फिरवण्याचा मला हक्क नाही. इमारतीचे बाहेरून छायाचित्र घ्यायला १९५७चा कॉपीराइट कायदा आड येत नाही. माणसाला मात्र विचारावेच लागते. प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, जागा आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे लिहितो. या चार गोष्टी नसतील, तर वीस वर्षांनी तो फोटो कुठल्याही गावचा होतो.

पहिली दोन वर्षे या फोटोंत काही घडत नव्हते. मग एका पावसाळ्यात समोरच्या मावशींच्या घरात पाणी शिरले. रस्ता होता तिथेच आहे, घरच खोलगट जागेत बांधले, असे उत्तर त्यांना तक्रारीवर मिळाले. मी जुने फोटो काढून ओळीने लावले. पहिल्यात मावशींच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या. सिमेंटचा एक थर पडल्यावर दोन उरल्या, दुसरा पडल्यावर एक. घर जागचे हलले नव्हते. गल्ली वर चढली होती. तारखांसह ते फोटो अर्जाला जोडले. नाली अजून झालेली नाही, पण घर खोलगट जागेत बांधले असे पुन्हा कोणी म्हटले नाही.

गल्ली कुठे जाते, या आजोबांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. त्यांची पाण्याखाली गेली. आमची वर्षाला बोटबोट वर चढते आहे. रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून या दिवाळीत घरच्यांचे फोटो काढून झाले, की एकदा दाराबाहेर या आणि एक फोटो गल्लीचाही काढा. खाली तारीख लिहायला विसरू नका.