अर्जातील माहिती पुन्हा का टंकायची?

संगणकावर भरलेला पीडीएफ अर्ज छापायचा आणि त्यातील नाव, जन्मतारीख पुन्हा टंकत बसायचे, हा द्राविडी प्राणायाम टाळता येतो. १९९६ मधील पीडीएफ १.२ या आवृत्तीपासून अशा अर्जातील प्रत्येक रकान्याला स्वतंत्र नाव देण्याची सोय आहे. भरलेला मजकूर त्या नावाशी जोडूनच साठवला जातो. पायथॉन भाषेतील ‘पायपीडीएफ’ या मोफत साधनाच्या साह्याने लिहिलेली काही ओळींची आज्ञावली या जोड्या वाचते आणि शेकडो अर्जांची माहिती थेट तक्त्यात उतरवते.

मात्र अर्ज छापून स्कॅन केला की रकाने नाहीसे होतात. उरते ते केवळ चित्र. मग अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबावे लागते. त्यात एक अंक चुकला, तरी अर्जदाराची जन्मतारीख बदलते. म्हणूनच भरलेला अर्ज मूळ फाइलच्या स्वरूपात स्वीकारणेच हिताचे.