जरीचा हिशेब

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलास जर काही नवी नाही. येवल्याची पैठणी असो, बनारसचा शालू असो की कांचीपुरमची रेशमी साडी असो, तिच्या पदरावर झळकणारी जर पुष्कळदा तापीकाठच्या आपल्या याच नगरातून गेलेली असते. 2010 साली सुरतेच्या जरीस भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणूनच गेल्या वर्षी हिशेबाच्या तासाला आम्ही दहावीच्या मुलांपुढे जरीचाच एक कल्पित प्रश्न ठेविला.

एका कारखानदारास त्याचा कारभारी सुचवितो की, चांदीत तांबे थोडे अधिक मिसळावे व सोन्याचा मुलामा पातळ करावा. जर दिसावयास तशीच राहील, किंमतही तीच ठेवावी. ती लवकर काळवंडेल हे खरे. पण मग लोक नवी साडी घेतील आणि जरीचा खप वाढेल. हा प्रस्ताव स्वीकारावा काय?

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला व म्हणाला, "स्वीकारावा, सर. यात कारखानदाराचा दोन्हीकडून फायदाच आहे."

उत्तर धीट होते, आणि त्याच्या बाजूने इतिहासातला एक दाखलाही आहे. 1924 साली जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स इत्यादी विजेचे दिवे करणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापिला. तोवर दीड-दोन हजार तास जळणारे दिवे मिळत असत. संघाने एक हजार तासांची मर्यादा ठरविली. दिवे प्रयोगशाळेत तपासले जात आणि ज्याचा दिवा फार टिके त्या कंपनीस दंड भरावा लागे! न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तार अधिक तापविली की तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो, पण तार लवकर तुटते. म्हणून हजार तास ही एक तडजोड होती, असे 1951 साली ब्रिटनमधील चौकशी मंडळानेही मान्य केले. तथापि टिकाऊपणाबद्दल दंड कशास, याचे समाधान त्याने होत नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच तो संघ मोडला.

तेथे बहुतेक बडे उत्पादक एका करारात बांधलेले होते. गिऱ्हाईक जाणार कोठे? सुरतेत मात्र जरीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही फळ्यावर हिशेब मांडावयास लाविले. समजा, एका रिळामागे नफा 200 रुपये आहे व एक विणकर वर्षास 50 रिळे घेतो. म्हणजे नफा 10,000 रुपये. तांबे मिसळल्याने रिळामागे 60 रुपये वाचले, तर नफा 13,000 होईल. दोन वर्षांत 6,000 रुपये अधिक पदरात पडतील. तिसऱ्या वर्षी काळवंडलेल्या साड्या विणकराच्या दारी परत येऊ लागल्या आणि त्याने दुसरा कारखाना गाठला, तर दरसाल 10,000 बुडाले.

मुलगा क्षणभर थांबला, मग म्हणाला, "पण विणकरास कळलेच नाही तर?"

प्रश्न खरोखर मार्मिक होता. खरी जर कशी होते ते पाहा. चांदीची कांब ओढून ओढून केसासारखी तार करितात, ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळितात व वर सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत आत तांब्याची तार असते आणि तिच्यावर चांदीचे पातळ पाणी. बाहेरून दोन्ही सारख्याच झळकतात. म्हणून दोष उघडा पडतो तो कित्येक वर्षांनी, नेसणारीच्या कपाटात. आणि बोल लागतो तो विणकरास. भरजरी पैठणी मागावर महिनोन् महिने असते. रेशीम शाबूत, वीण शाबूत, आणि पदर मात्र काळा! कारभाऱ्याने रिळामागे 60 रुपये वाचविले, पण ज्या श्रमांची किंमत त्याने कधी मोजलीच नव्हती तेही त्याने त्यासोबत मातीमोल केले. शिवाय अडीनडीला जुना पदर आटवून चांदी काढण्याची सोय आपल्या आज्यांना ठाऊक होती. त्या दिवशी सोनाराच्या ताजव्यात काय पडेल, हाही हिशेबातलाच एक आकडा आहे.

नकली जर वाईट, असे मात्र आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. तिच्यामुळे, आणि अलीकडच्या प्लॅस्टिकच्या जरीमुळे, बेताच्या मिळकतीच्या घरातही लग्नात झगमगती साडी येते. ती नकली म्हणून, नकलीच्या भावाने विकली जाते, एवढे पुरे.

यावरून आम्ही त्या मुलास सांगितले, "तुझा प्रस्ताव आम्हांस मान्य आहे. फक्त रिळावरच्या चिठ्ठीवर 'तांबे अधिक, मुलामा पातळ' असे छाप."

तो हसला. "मग त्या भावाने कोण घेईल, सर?"

"भाव उतरव."

त्याने पुन्हा खडू घेतला. गिऱ्हाईक टिकावे म्हणून त्याने भाव आधी 40 रुपयांनी उतरविला, मग वर्गातील मुलींनी आरडाओरड केल्यावर 60 रुपयांनी. खाली वजाबाकी केली, तेव्हा रिळामागचा नफा पुन्हा 200 रुपयेच आला.