ताकीद आणि टाळेबंदी

मंडळी, संगणकाच्या कारखान्यातली एक लहानशी गोष्ट आज आपल्यापुढे मांडतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणण्याचे काम कंपायलर करतो. ते काम कसे करावे याच्या सूचना त्याला द्याव्या लागतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. त्या सूचना बांधणीच्या फाइलीत एका रकान्यात लिहून ठेवलेल्या असतात.

हॅस्केल या भाषेचे उदाहरण घेऊ. तिच्या कॅबल फाइलीत या रकान्याचे नाव ‘जीएचसी-ऑप्शन्स’. तिथे ‘डब्ल्यू-ऑल’ लिहिले की कंपायलर संशयास्पद जागांबद्दल ताकीद देतो, पण काम पुरे करतो. ‘डब्ल्यू-एरर’ लिहिले की प्रत्येक ताकीद गुन्हा ठरते आणि काम बंद पडते. लिहिणाराच्या घरी ही शिस्त चांगलीच. पण प्रोग्रॅम दुसऱ्यांच्या हाती गेला की काय होते?

२०२३ साली या कंपायलरची ९.८ ही आवृत्ती निघाली. यादीतला पहिला घटक काढून देणारे ‘हेड’ हे साधन रिकाम्या यादीवर कोसळते. म्हणून ते वापरणाराला नवी आवृत्ती ताकीद देऊ लागली. ताकीद रास्तच होती. परंतु जिथे ‘डब्ल्यू-एरर’ राहून गेले होते, तिथे प्रोग्रॅमचे एक अक्षरही न बदलता बांधणी थांबणार. आणि थांबणार कोणाची? ज्याने तो लिहिलाच नाही त्याची! कामगार चळवळीत आम्ही हेच सांगत आलो: ताकीद म्हणजे टाळेबंदी नव्हे.

म्हणून ‘कॅबल चेक’ हा तपासनीस असतो. तो सांगतो, ‘डब्ल्यू-एरर’ काढा. हवेच असेल तर एरवी बंद राहील अशा खटक्यामागे ठेवा आणि स्वतः काम करताना तो चालू करा. आणखीही चुका तो दाखवतो. बाहेरच्या लायब्रऱ्यांची नावे या रकान्यात कोंबू नयेत, त्यांना ‘एक्स्ट्रा-लायब्ररीज’ हा रकाना आहे. तिथे लिहिली, तर लायब्ररी जागेवर नसल्याचे बांधणीच्या आधीच कळते.

आता दुरुस्तीचे पाहू. शंभर फाइली हाताने सुधारण्यापेक्षा त्यासाठी साधन लिहावेसे वाटते. जरूर लिहावे, पण त्याने एक पथ्य पाळावे: नीटनेटकेपणासाठी सूचनांचा क्रम बदलू नये. कंपायलर त्या डावीकडून उजवीकडे वाचतो आणि मागून आलेली सूचना आधीची रद्द करू शकते. ‘सर्व ताकिदी द्या’ आणि मग ‘न वापरलेल्या आयातीबद्दल बोलू नका’, हा क्रम उलटला तर गप्प केलेली ताकीद पुन्हा बोलू लागते. वही सुवाच्य करताना हिशेब बदलता कामा नये.

सारांश एवढाच, की ज्याला चूक दुरुस्त करता येते, ताकीद त्याच्या हाती पडावी. तिचा दंड परक्याने का भरावा?