दुखावलेला घोटा आणि समुद्राचा प्रवास

मंडळी, आपल्या वर्धा जिल्ह्यापासून समुद्र फार लांब आहे. वर्धा, वेणा, धाम, बोर या आपल्या नद्या. त्यांचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि पूर्वेच्या समुद्राला मिळते. आपण माणसे मात्र समुद्र पाहायचा म्हटला की पश्चिमेची वाट धरतो आणि मुंबई गाठतो. पूर्वी हा बेत क्वचित कोणी करी. आता निवृत्त झालेले गुरुजी, मुलगा-सून मुंबईला नोकरीला असलेले आईबाप, चार पैसे गाठीला बांधून निघालेली शेतकरी जोडपी असे पुष्कळजण जातात. कोणी गेटवेवरून लाँचने घारापुरीला जातात, कोणी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या मोठ्या पर्यटन-जहाजाच्या सफरी २०२१ साली सुरू झाल्या. दोन-तीन रात्री जहाजावरच मुक्काम करायचा, असा हा प्रवास.

आता समजा, तिकिटे काढून झाली. पैसे भरले. आणि निघायला महिना उरला असताना कापसाच्या वावरात, काळ्या मातीच्या भेगेत पाय गेला आणि घोटा मुरगळला. किंवा शाळेच्या पायरीवरून पाय घसरला आणि हाड मोडले. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “पैसे गेले ना बापा पाण्यात! घट्ट पट्टी बांधा अन् चला.” दुसरा म्हणतो, “आता सहा महिने घराबाहेर पडायचं नाही.” दोन्ही बोलणी उतावळेपणाची आहेत. खरे उत्तर घोट्यात काय बिघडले आहे आणि प्रवासात त्याला काय काम पडणार आहे, यावर ठरते. त्याचाच आज विचार करू.

आधी घोटा म्हणजे काय ते पाहा. नडगीचे मोठे हाड आणि तिच्या बाजूचे बारीक हाड ही दोन्ही खाली येऊन पावलाच्या एका हाडाला दोन्ही बाजूंनी धरतात. सुताराने खाचेत लाकूड बसवावे तशी ही बैठक असते. ही हाडे जागेवर राहावीत म्हणून चिवट दोऱ्यांसारखे बंध असतात. पाऊल आत वळून पडलो की बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात किंवा तुटतात. यालाच आपण मुरगळणे म्हणतो. जोर जास्त असला तर हाडही मोडते.

मुरगळले आहे की मोडले आहे, हे वरून पाहून सांगणे कठीण. सूज दोन्हीत येते, काळेनिळेपणा दोन्हीत येतो. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी काही साधे नियम घालून दिले आणि ते आता जगभर वापरतात. घोटा दुखत असून त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर हाड दुखले, अथवा मार लागल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण फोटो काढलाच पाहिजे. लंगडत टाकलेली पावलेही मोजायची, बरं का. मात्र लहान मुले, फार वृद्ध माणसे आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले लोक यांच्या बाबतीत या परीक्षेवर विसंबू नये. त्यांना सरळ दवाखान्यात न्यावे. आपल्या जिल्ह्यात त्याची सोय आहे. वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचे रुग्णालय आहे. सेवाग्रामला तर १९६९ सालापासून वैद्यकीय महाविद्यालयच आहे.

फोटो काढण्याआधी पाय चोळू नये, ओढू नये. बांबूच्या कामट्या लावून पाय करकचून बांधण्याची चाल अजून काही गावांत आहे. मार लागल्यावर पायाला सूज चढत जाते. बांधणी घट्ट असली तर आतले रक्त अडते आणि बोटे, प्रसंगी अख्खे पाऊल, गमावण्याची वेळ येते. बांधल्यानंतर वेदना वाढत गेली, बोटे थंड किंवा निळी पडली, मुंग्या आल्या किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा. प्लास्टर घातलेले असले तरी हाच नियम.

बरे व्हायला किती दिवस लागतात? साधे मुरगळणे दोन-तीन आठवड्यांत चालण्याजोगे होते. बंध चांगलाच फाटला असला तर दीड ते तीन महिने लागतात. मोडलेले हाड जुळायला साधारण सहा आठवडे धरतात. भरभक्कम व्हायला त्याहून जास्त. सूज तर कित्येक महिने संध्याकाळी डोकावते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते, हेही ध्यानात ठेवावे.

आता जहाजाकडे वळू. कोणी विचारील, “जहाजावर तर बसूनच राहायचे. तिथे घोट्याला काय काम?” इथेच गोम आहे. आपण उभे राहतो ते तीन गोष्टींच्या आधाराने. डोळे आजूबाजूचे दाखवतात, कानाच्या आतले इंद्रिय शरीर कलले की सांगते, आणि सांध्यांतले बंध व स्नायू पायाखालची जमीन कशी आहे त्याची वर्दी देतात. घोटा मुरगळला की बंधांबरोबर ही वर्दी देणारी यंत्रणाही दुखावते. सूज उतरली, दुखणे थांबले, तरी ती मागे राहते. म्हणून तर एकदा मुरगळलेला पाय पुन्हापुन्हा मुरगळतो.

जहाजावर जमीनच हलती असते. खोलीत बसले की डोळे सांगतात सगळे स्थिर आहे. कान सांगतात आपण डुलतो आहोत. या भांडणातूनच बोट लागते, म्हणजे मळमळते. अशा वेळी तोल सांभाळण्याचा भार पायांवर येतो आणि आपला एक पाय तर आधीच अधू. त्यात मळमळीवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. गुंगी, हलती जमीन आणि कुबड्या हे त्रिकूट वाईट. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून, आणि घेतल्यावर पडून राहावे.

दुसरी अडचण हातांची. जहाजावर चालताना एक हात कठड्याला हवा. दोन कुबड्या घेतलेल्या माणसाला रिकामा हात कुठून येणार? म्हणून ज्याला अजून दोन कुबड्या लागतात, त्याने मोठ्या जहाजावरही शक्यतो चाकाची खुर्ची घ्यावी आणि सोबत धडधाकट माणूस ठेवावा. बाहेरच्या उघड्या भागात पाणी उडते आणि फरशी निसरडी होते. जहाजाच्या काही दारांना आपल्या जुन्या वाड्यांसारखे उंच उंबरठे असतात, कारण लाटेचे पाणी आत येऊ नये. ठेच तिथेच लागते.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण चढण्या-उतरण्याची. गेटवेला लाँचमध्ये चढताना लाँच खालीवर होत असते आणि पाऊल नेमक्या वेळी टाकावे लागते. घारापुरीला उतरल्यावर लेण्यांपर्यंत सुमारे सव्वाशे पायऱ्या आहेत. तिथे डोली मिळते, पण लाँचमधून उतरायचे आपल्यालाच. लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांभोवती पाणी उथळ असल्यामुळे मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि माणसे लहान होडीतून किनाऱ्याला जातात. जुन्या कोकणबोटींच्या काळी धक्का नसलेल्या बंदरांवर असेच पडावात उतरावे लागे. दुखऱ्या पायाने ही उडी मारू नये. अशा दिवशी जहाजावरच राहून कठड्यापाशी खुर्ची टाकून बेट पाहावे. त्यात कमीपणा नाही. मांडव्याला जायचे असेल तर २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट बरी. तिच्यात मोटारगाड्या धक्क्यावरून थेट आत जातात.

आणि एक गोष्ट आपण वर्धेकर विसरतो. आपला प्रवास धक्क्यावर सुरू होत नाही. तो आर्वीच्या नाहीतर समुद्रपूरच्या एस.टी. थांब्यावर सुरू होतो. एस.टी.ची उंच पायरी, स्टेशनावरचा पूल, मग मुंबईपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा रात्रभराचा रेल्वेप्रवास. पोटरीचे स्नायू हे रक्त वर ढकलणारे पंपच आहेत. पाय प्लास्टरमध्ये बांधलेला आणि वर चार तासांपेक्षा जास्त बैठक, की हा पंप बंद पडतो आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. पोटरी सुजली, दुखू लागली, गरम झाली. किंवा एकाएकी दम लागला, छातीत दुखले, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. मग क्षणभरही थांबू नये; गाडीतल्या रेल्वे कर्मचाऱ्याला सांगून पुढच्या स्टेशनवर डॉक्टरांची मदत मागावी. हे टाळण्यासाठी खालचा बर्थ घ्यावा, पाय उशीवर उंच ठेवावा, बोटे दर अर्ध्या तासाने हलवावीत, पाणी पीत राहावे. पूर्वी गुठळी झाली असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोग असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. ते जरूर तर औषध देतात. स्टेशनवर चाकाची खुर्ची मिळते; आधी चौकशी करावी. विमानाने जाणार असाल तर ध्यानात ठेवा, नवे प्लास्टर घातल्यावर बहुतेक विमान कंपन्या एक-दोन दिवस थांबायला लावतात, कारण आत सूज वाढली तर प्लास्टर आवळते.

मग जावे की न जावे? एक कसोटी सांगतो. डॉक्टरांनी पायावर पूर्ण भार द्यायला परवानगी दिल्यानंतरच ती करावी. आधाराविना एस.टी.च्या पायऱ्या चढता-उतरता येतात का? भिंतीजवळ उभे राहून दुखऱ्या एका पायावर तीसपर्यंत आकडे मोजता येतात का? अर्धा तास चालून आल्यावर सूज रात्रीत उतरते का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर शांत ऋतूत, म्हणजे दिवाळीनंतर, मोठ्या जहाजाने जायला हरकत नाही. प्लास्टर असताना जायचेच असेल तर डॉक्टरांची लेखी संमती हवी, आणि लहान होड्या वर्ज्य. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा विचारच नको. आणि उत्तर ‘नाही’ असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवून तारीख पुढे ढकलता येते का, किती पैसे परत मिळतात, ते विचारावे. जितके लवकर कळवाल तितके कमी कापले जाण्याची शक्यता असते. तिकीट काढतानाच ही अट वाचून घेणे उत्तम.

जाणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी. डॉक्टरांच्या चिठ्ठीत दुखापत काय, कधीची, पायावर किती भार द्यायचा आणि औषधे कोणती, एवढे असावे. फोटोही जवळ ठेवावा. खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ मागावी. तिथे डुलणे कमी जाणवते. कुबडीखालचे रबर झिजलेले असेल तर नवे बसवावे. कुबडीचा माथा काखेपासून दोन-तीन बोटे खाली असावा आणि भार तळहातांवर द्यावा, काखेवर नव्हे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. प्लास्टर भिजू देऊ नये आणि खाज सुटली म्हणून आत काडी किंवा विणायची सुई घालू नये. जखम होऊन चिघळते.

शेवटची गोष्ट जीवाची आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे दगावली. नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांना संकटात कुठे जमायचे, याची तालीम दिलेलीच नव्हती. त्यानंतर ही तालीम जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच झाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१५ पासून लागू झाला. पाय दुखतो म्हणून तालमीला दांडी मारू नये. उलट आपणच सर्वांत आधी जावे. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी जहाजावरच्या लोकांना सांगावे, “मला जिना उतरता येत नाही, माझ्यासाठी माणूस नेमा.” हे सांगायला लाजू नये.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. एका पायावर उभे राहून तोल सांभाळण्याचा व्यायाम शाळेच्या कवायतीत रोज दोन मिनिटे घ्यावा. मुरगळलेला घोटा बरा झाल्यावर हा व्यायाम करणाऱ्यांचा पाय पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते. आणि ज्यांनी औतामागे चालून पोट भरायचे आहे, त्यांना एवढेच सांगतो की समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असेल. वाकडा जुळलेला पाय मात्र जन्मभर वावरात त्रास देत राहतो. म्हणून आधी फोटो काढा, डॉक्टरांना विचारा, आणि मगच तिकिटाचा निर्णय घ्या.