नागरा : स्टेशनाच्या आधीचं गाव

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की दुकानांची दाटी हळूहळू विरळ होते, गिरणीच्या कोंड्याचा वास मागे राहतो आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागतात. चार-पाच किलोमीटरवर नागरा येतं. बहुतेक लोक इथे येतात ते महादेवाच्या दर्शनाला. माझं म्हणणं एवढंच आहे की गोंदिया शहर समजून घ्यायचं असेल, तर तेही नागऱ्यापासूनच सुरू करावं.

याचं कारण गोंदियाच्या वयात आहे. गोंदियाला शहरपण दिलं ते रेल्वेने. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन 1880 साली नागपूरहून निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राजनांदगावला पोचली. छत्तीसगडचं धान्य पश्चिमेकडे नेणं हे तिचं मोठं काम होतं. पुढे 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने ही लाइन घेऊन रूळ रुंद केले. त्यानंतर सातपुड्यात शिरणारी छोटी लाइन आली. अडीच फुटी रुळांवरून बालाघाट, नैनपूर करत 1905 पर्यंत ती जबलपूरला जाऊन भिडली. दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे दुसरी छोटी लाइन गेली. चारी दिशांचे रूळ एकत्र आले आणि गोंदियाचं जंक्शन झालं. जंगलातला गोंद नि लाख इथल्या बाजारात यायचे, त्या गोंदावरूनच गावाला नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात.

नागरा मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. नावातच ‘नगर’ ऐकू येतं, आणि इथलं शिवमंदिर पाहिल्यावर ते ऐकणं अगदीच पोकळ वाटत नाही. मंदिर दगडी आहे, लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. हा शब्द आपण फार सैल वापरतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, पण चुन्याविना दगडात दगड बसवायची ही रीत त्याच्याही आधीची. अंबरनाथचं देऊळ अकराव्या शतकातलं आहे. तेव्हा ‘हेमाडपंती’ या शब्दावरून बांधणी कळते, वय कळत नाही. नागऱ्याला आलात तर देवापुढे हात जोडून झाल्यावर थोडं मागे सरा आणि खांबांकडे नीट पाहा. खाण शोधणं, दगड फोडणं, तो वाहून आणणं, घडवणं, तोलून चढवणं, हे दहा-वीस घरांच्या वस्तीचं काम नव्हे. त्यासाठी पोटभर धान पिकवणारा मुलूख हवा आणि ते धान वळवू शकणारी सत्ताही हवी.

महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी होते. त्या गर्दीत मराठी, हिंदी, पोवारी, लोधी असे सगळे बोल कानावर पडतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तोवर दोन्हीकडची माणसं एकाच प्रांतात नांदत होती. कागदावर सीमा आखली गेली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. नागऱ्याच्या रस्त्याने आजही लग्नाच्या वराती इकडून तिकडे जातात.

गाव जगतं ते धानावर. आषाढात पऱ्हे उपटून बायका ओळीने वाकतात, रोवणं सुरू होतं. दिवाळीच्या सुमारास कापणी होते आणि पुंजणे रचले जातात. त्यानंतर वाट एकच, गोंदियाची गिरणी. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे 67 किलो तांदूळ धरतात. बाकी कोंडा, तूस, कणी, आणि त्यांचाही बाजार आहे. गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात ते या गिरण्यांमुळे. पण गिरणीला धान लागतं, आणि ते पिकवणारे हात नागऱ्यासारख्या गावांचे असतात. ही गोष्ट शहराच्या इतिहासात क्वचितच लिहिली जाते, याची मला खंत वाटते.

धानाच्या जोडीला बिडी आली. भोवतालच्या जंगलात तेंदूपत्ता भरपूर, माल पाठवायला रेल्वे हाताशी, त्यामुळे गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे जम बसवला. त्यांतले मनोहरभाई पटेल (1906–1970) पुढे आमदार झाले. त्यांनी 1958 मध्ये सुरू केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेमुळे या भागातल्या मुलांना गावाजवळ कॉलेज मिळालं. बिडी वळणाऱ्या बाईची गोष्टही याच इतिहासातली. घरच्या ओसरीवर मांडीत सूप घेऊन, पान कातरत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत तिने किती संसार चालवले, याची नोंद कुठल्या शिलालेखात नाही.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि शहराला कचेऱ्या मिळाल्या. छोटी लाइनही उरली नाही, रूळ रुंद झाले. बालाघाटच्या बाजूने मोठी गाडी आता थेट जबलपूरला जाते. शहर उत्तरेकडे पसरत नागऱ्याच्या बांध्यांपर्यंत येऊन पोचलंय. मंदिरात सकाळची घंटा वाजते तेव्हा रस्त्यावरून धानाच्या पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर गोंदियाकडे निघालेले असतात.