तीन साहेब, एक बांगर

डिसेंबर 2001 च्या मोहाली कसोटीत आपल्या छत्रपती संभाजीनगरशी नातं असलेल्या दोघांनी एकाच वेळी भारताची टोपी घातली. इक्बाल सिद्दीकी इथंच जन्मलेले. संजय बांगर बीडचे, पण शाळकरी क्रिकेट इथं खेळून मुंबईला गेलेले. जिंकायला पाच धावा हव्या होत्या, तेव्हा सिद्दीकींना सलामीला धाडलं आणि त्या पाचही त्यांनीच काढल्या. त्यांची ती एकमेव कसोटी ठरली. बांगर पुढं गेले. पण त्यांच्या हेडिंग्लेच्या 68 धावांइतकीच मला त्यांची भारतीय संघाच्या सपोर्ट स्टाफमधली पाच वर्षं मोलाची वाटतात.

ऑगस्ट 2014 मध्ये इंग्लंडात मालिका 3-1 अशी गमावल्यावर भारतीय क्रिकेट मंडळानं रवी शास्त्रींना संघाचं संचालक केलं. बांगर, भरत अरुण आणि आर. श्रीधर साहाय्यक म्हणून आले. मुख्य प्रशिक्षक डंकन फ्लेचर मात्र पदावर कायम. एका ड्रेसिंग रूममध्ये दोन वरिष्ठ म्हणजे हाताखालच्यांची काय तारांबळ उडत असेल, हे नोकरी केलेल्या कुणालाही कळेल. 2016 मध्ये अनिल कुंबळे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि शास्त्री, अरुण गेले. बांगर, श्रीधर राहिले. जून 2017 मध्ये कर्णधार कोहलीला आपली कार्यशैली खटकते, असं जाहीरपणे लिहून कुंबळेंनी राजीनामा दिला. संघ वेस्ट इंडीजला निघाला होता आणि मुख्य प्रशिक्षकच नव्हता. तो दौरा बांगर यांनी सांभाळला. पुढं शास्त्री परतले, पाठोपाठ अरुणही. साहेब बदलला की माणसं बदलतात, हा आपल्याकडचा रिवाज. बांगर मात्र कुणाच्याच गोटातले ठरले नाहीत.

याच चमूत होते सरावात थ्रोडाउन देणारे राघवेंद्र, म्हणजे सगळ्यांचे रघू. हातात साइडआर्म, म्हणजे लांब दांडीचं पळीसारखं साधन. त्यात चेंडू अडकवून जवळून फेकायचा, वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात. 2014 च्या त्या मालिकेत 134 धावा करणाऱ्या कोहलीनं 2018 मध्ये इंग्लंडातच 593 काढल्या. वेगवान गोलंदाजी खेळण्यातल्या प्रगतीचं श्रेय त्यानं रघूंना जाहीरपणे दिलं. धावफलकावर यांचं नाव कधी येत नाही, म्हणून कर्णधारानं ते घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

10 जुलै 2019. मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पहिले तिघे एकेक धाव काढून परतले आणि न्यूझीलंडकडून 18 धावांनी हार झाली. ऑगस्टमध्ये शास्त्री, अरुण, श्रीधर यांना मुदतवाढ मिळाली. फक्त फलंदाजी प्रशिक्षक बांगर यांच्या जागी विक्रम राठोड आले. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली होती, तेव्हाही फलंदाजीचे प्रशिक्षक बांगरच होते. चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला कोण, हा घोळ एकट्या बांगर यांच्या माथी मारणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. वाईट वाटणं साहजिक आहे, इतकंच ते म्हणाले आणि फ्लेचर, कुंबळे, शास्त्री या तिघांचेही आभार मानले.

2021 मध्ये ते बंगळुरूच्या आयपीएल संघात दाखल झाले, आधी फलंदाजी सल्लागार, मग मुख्य प्रशिक्षक. कोहली तिथं होताच.